गाणं आणि गाळे

आमच्या संस्थेचं नाट्यगृह रस्त्यावरून दिसत नाही. दिसतात ते सात गाळे. औषधांचं दुकान, झेरॉक्सवाला, चपलांचं दुकान, पाच नंबरला पडदे-गाद्या-उशांच्या कापडाचं दुकान, टोकाला रसवंती (उन्हाळा संपला की तिथेच वडापाव) आणि दोन गाळे वर्षानुवर्षं कुलूपबंद. झेरॉक्स आणि चपला यांच्या मधून एक जिना वर जातो, तो नाट्यगृहाचा. बाहेरगावच्या नाटकाची बस आली की त्यांच्या मॅनेजरला फोनवर सांगायचं, ‘चपलांच्या दुकानापाशी थांबा, माणूस पाठवते.’

सतरा वर्षं मी या संस्थेची खजिनदार होते. आयुष्य सहकारी बँकेच्या काउंटरमागे गेलेलं, त्यामुळे ‘हिशेब ताईंकडे’ हे न बोलताच ठरलेलं. गाळ्यांची कल्पना माझ्या आधीच्या पिढीची. नाटकावर नाट्यगृह चालत नाही, तेव्हा खाली दुकानं काढू, भाडं येत राहील, वर नाटक होत राहील. जुन्या इतिवृत्तात हा ठराव सर्वानुमते मंजूर आहे आणि वाचताना आजही पटतो. देवळाच्या दिवाबत्तीला जमीन इनाम देत, तिच्या पिकावर पुजारी जगे आणि चौघडाही वाजे, तशी गाळे ही आमची इनाम जमीन. पण जमीन दरसाल पिकते, आणि जुन्या भाडेकरूचं भाडं एकदा ठरलं की हलत नाही. मी पद सोडलं तेव्हा पाच नंबरचं भाडं होतं महिना २१० रुपये, आणि तेही १४ महिन्यांचं थकलेलं.

अशी बाई शिकागोला गेली की तिला काय दिसणार?

मुलगा-सून तिथल्या उपनगरात राहतात. शिकागोला जाणाऱ्या प्रत्येक भारतीयाप्रमाणे आम्हीही आधी आर्ट इन्स्टिट्यूटला गेलो, कारण १८९३ साली सर्वधर्म परिषद तिथे भरली होती आणि विवेकानंद तिथे बोलले होते. बाहेर येऊन मिशिगन अ‍ॅव्हेन्यूने दक्षिणेकडे चालायला लागलो. डाव्या हाताला बाग आणि तिच्या पलीकडे समुद्र वाटावा असं तळं, उजव्या हाताला इमारतींची भिंत. सून स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. तिच्याबरोबर रस्त्याने चाललं की इमारतींची कुंडली ऐकावी लागते. दहा मिनिटांवर एका काळपट, जाडजूड दगडी इमारतीपाशी ती थांबली आणि म्हणाली, ‘आई, ही तुमच्यासाठी. हॉटेल, ऑफिसं आणि ऑपेराचं थिएटर, सगळं एकात. हॉटेलच्या आणि ऑफिसांच्या भाड्यावर ऑपेरा चालवायचा बेत होता.’

मी विचारलं, ‘चालला का?’

ती हसली. माझ्या घरातलं माणूस आहे, गाळ्यांची रामकहाणी तिने दर दिवाळीत ऐकलेली आहे.

ही इमारत म्हणजे ऑडिटोरियम बिल्डिंग. १८८७ ते १८८९ या काळात बांधलेली. खालचे मजले खडबडीत ग्रॅनाइटचे, वरचे जरा तासलेल्या चुनखडीचे. मुख्य इमारत दहा मजल्यांची आणि दक्षिण बाजूला सतरा मजल्यांचा चौकोनी मनोरा. आज तिला गगनचुंबी म्हटलं तर शेजारच्या इमारती हसतील. पण झाली तेव्हा शहरात तिच्याहून उंच काही नव्हतं. नुसतं दगडकाम बघितलं तर किल्ला वाटतो. आत गाणं आहे अशी शंकाही येत नाही. त्या बाबतीत आमच्या चपलांच्या दुकानाशी तिचं नातं मला लगेच जुळलं.

बेत होता फर्डिनंड पेक नावाच्या गृहस्थांचा. घराणं जमिनींच्या व्यवहारात गब्बर झालेलं. मे १८८६ मध्ये शिकागोच्या हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेत बॉम्ब फुटला, पोलीस मेले, गोळीबारात कामगार मेले, पुढे काही कामगार पुढाऱ्यांना फाशी झाली. मालक आणि मजूर यांच्यात शहर उभं चिरलेलं. त्याच वर्षाच्या शेवटी पेक यांनी मंडळ काढलं, शेअर विकले आणि जाहीर केलं की असं थिएटर बांधू जिथे साध्या माणसालाही परवडणाऱ्या तिकिटात उत्तम संगीत ऐकता येईल. यात भलेपणा किती आणि धास्ती किती, हे तोलायला मी जाणार नाही. आमच्या संस्थेच्या देणगीदारांतही दोन्ही होतं, आणि पावती दोन्हींची सारखीच फाडावी लागते. मात्र पेक यांनी एक गोष्ट खरंच केली. त्या काळच्या ऑपेरा हाऊसमध्ये धनिकांच्या खासगी बॉक्सच्या ओळीच्या ओळी असत. बॉक्समधली माणसं रंगमंच बघत आणि बाकीची माणसं बॉक्स बघत. इथे बॉक्स मोजकेच, दोन बाजूंना सरकवलेले. भर होता तो समोरच्या साध्या खुर्च्यांवर. ४२०० च्या वर खुर्च्या!

आता एवढ्या खुर्च्या स्वस्तात विकायच्या तर तोटा ठरलेला. तो भरायला भोवती ४०० खोल्यांचं हॉटेल, १३६ ऑफिसं आणि दुकानं. एकूण खर्च ३२ लाख डॉलरच्या घरात.

रचना डंकमार अ‍ॅडलर आणि लुई सलिव्हन या जोडीची. अ‍ॅडलर मोठा, जर्मनीहून लहानपणी आलेला, धर्मगुरूचा मुलगा, यादवी युद्धात लढलेला. आवाज कुठून निघून कुठे जातो याची त्याला उपजत जाण होती. सलिव्हन त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, नक्षीचा आणि रूपाचा माणूस. त्यांच्या हाताखाली त्या दिवसांत एक विशीतला ड्राफ्ट्समन होता, पुढे जगप्रसिद्ध वास्तुकार झालेला फ्रँक लॉइड राइट.

मला त्यांची मांडणी बेहद्द आवडली. थिएटर चौकोनाच्या पोटात. पूर्वेकडे तळ्याकडे तोंड करून हॉटेल, ते दक्षिणेच्या रस्त्यावरही वळलेलं. पश्चिमेच्या गजबजलेल्या रस्त्यावर ऑफिसं. थिएटरचं दार मनोऱ्याच्या पायाशी. नाटकाला अंधार लागतो आणि भाडेकरूला खिडकी. म्हणजे ज्याला खिडकी नको तो आत, ज्याला हवी तो रस्त्यावर. शिवाय रस्त्यावरच्या ट्रामचा आणि घोडागाड्यांचा खडखडाट या खोल्यांच्या जाड पट्ट्यात अडतो, आतपर्यंत पोचत नाही. आमच्याकडे तिसरी घंटा झाली की नेमका खालच्या रसवंतीचा घुंगरांचा चरक सुरू होतो. आमच्या जुन्या मंडळींनी भाड्याचा विचार केला, आवाजाचा केला नाही.

उद्घाटनाची गोष्ट तर आपल्याकडच्या कुठल्याही कोनशिलेला लाजवील. ऑक्टोबर १८८७ मध्ये पायाचा दगड बसवला अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी. पुढच्या जूनमध्ये इमारत अर्धीमुर्धी असतानाच त्या सभागृहात रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं आणि बेंजामिन हॅरिसन यांना उमेदवारी मिळाली. नोव्हेंबरात त्यांनी क्लीव्हलंडना हरवलं. आणि ९ डिसेंबर १८८९ ला थिएटरचं उद्घाटन झालं तेव्हा अध्यक्ष म्हणून हजर होते हॅरिसन! अ‍ॅडेलिना पॅटी ही त्या काळची सगळ्यात महागडी गायिका गायली. क्लीव्हलंड यांना आमंत्रण गेलं असेल का, असा एक खजिनदारी प्रश्न मला पडला, पण विचारणार कोणाला.

आत शिरल्यावर पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते डोळ्यांनी नाही, पायांनी. लॉबीतली फरशी बारीक बारीक संगमरवरी तुकड्यांची, सुरेख. पण तिच्यावरून चालताना पाऊल किंचित पुढे जात होतं. ताटात पातळ आमटी वाढल्यावर ती एका कडेला जमते ना, तसं. मी गुडघ्याला दोष देत थांबले.

सून म्हणाली, ‘गुडघा ठीक आहे. फरशीच उतरती आहे.’

मग तिने सांगितलेली गोष्ट. शिकागोच्या जमिनीखाली मऊ चिकणमाती, पक्का खडक फार खोल. त्या काळी अशा जागी इमारत म्हणजे तराफ्यावर ठेवलेलं ओझं. अ‍ॅडलरने लाकडी ओंडक्यांचे आडवेउभे थर घातले, त्यांवर काँक्रीट, त्यात लोखंडी रूळ, असा तराफा केला. मनोऱ्याचं वजन सगळ्यांत जास्त आणि तो सगळ्यांत शेवटी पूर्ण होणार. म्हणजे बाकीची इमारत आधी बसणार आणि मनोरा मागाहून, मधे तडा जाणार. यावर त्याची युक्ती बघा. मनोऱ्याच्या पायावर त्याने आधीच कच्चं लोखंड आणि विटा रचून ठेवल्या, पुढे येणाऱ्या वजनाइतक्या. मनोरा जसा चढत गेला तसं ते काढत गेले. जमिनीला बिचारीला कळलंच नसेल की ओझं बदललं.

एवढा हिशेबी माणूस, आणि तरी फरशी उतरती. कारण पाया घातल्यानंतर संचालक मंडळाचं मन बदललं. आधी ठरलं होतं विटा आणि टेराकोटाचं हलकं बाह्यांग. त्याच सुमाराला शहरात एच. एच. रिचर्डसन या वास्तुकाराने मार्शल फील्ड या व्यापाऱ्याची दगडी वखार उभी केली होती आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांत भरली होती. मंडळाला वाटलं, आपलंही दगडी हवं. पाया विटांच्या हिशेबाचा आणि वर आला दगड. बाहेरच्या भिंती बसत गेल्या, काही ठिकाणी दोन फुटांहून जास्त. पोटातल्या हलक्या भागाने तेवढी साथ दिली नाही. म्हणून लॉबी भिंतीकडे कलते.

मी कमिटीच्या मीटिंगांत सतरा वर्षं बसले आहे. ‘ताई, स्टेज झालंच आहे, तर आता वर लाकडी पॅनेलिंग पण करून टाकू’ हे वाक्य कोण कोणत्या आवाजात म्हणतं हे मला झोपेत सांगता येईल. १८८७ ची ती सभा मला जशीच्या तशी दिसली. अ‍ॅडलर गप्प बसला असेल का? की त्याने सांगितलं असेल आणि इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढंच आलं असेल?

थिएटरच्या आत मात्र माझी बोलती बंद झाली. रंगमंचापासून प्रेक्षकांकडे एकामागून एक रुंदावत जाणाऱ्या चार मोठ्या कमानी. सगळं हस्तिदंती आणि सोनेरी. कमानींच्या कडांवर विजेचे उघडे दिवे, ओळीने. १८८९ साली वीज ही नवलाई होती, दिवा झाकायचा कशाला? त्यांनी तो दागिन्यासारखा वापरला. प्रत्येक दिवा पिवळट आणि मंद, पण हजारोंनी असल्यामुळे भिंतींना जो रंग येतो तो पितळी समईच्या जवळचा. उन्हाळ्यात थंडाव्यासाठी हवा पाण्याच्या फवाऱ्यातून आणि बर्फावरून आत सोडत. त्या बर्फाचं बिल किती येत असेल हे मी तिथेही मोजून पाहिलं. खोड जात नाही.

कमानींचं खरं काम आवाजाचं. कर्ण्यासारख्या त्या रुंदावत जातात आणि गाणाऱ्याचा आवाज पुढे लोटतात. आम्हाला सगळ्यांत वरच्या गॅलरीत नेलं. तिथला उतार असा, की मी कठडा सोडलाच नाही. खाली रंगमंचावर गाइड उभी होती, अंगठ्याएवढी. ती माइकशिवाय, घरात बोलावं तशी बोलली आणि शब्द न् शब्द आला. मग तिने किल्ल्यांचा जुडगा हलवला. तोही आला. सगळ्यांत स्वस्त तिकिटाच्या जागेवर बसून मी तो आवाज ऐकत होते, आणि पेकसाहेबांच्या हेतूंबद्दल मघाशी जी शंका काढली होती ती जरा मागे घेतली.

पण त्याहून जास्त मी हरखले ते दुसऱ्याच गोष्टीवर. ४२०० खुर्च्यांचं थिएटर रोज कसं भरणार? हा प्रश्न अ‍ॅडलरने बांधतानाच विचारात घेतला होता. वरच्या दोन गॅलऱ्यांसमोरच्या छताचे तुकडे त्याने बिजागरीवर बसवले. गर्दी कमी असली की ते खाली सोडायचे. गॅलऱ्या झाकल्या जातात, छत खाली येतं आणि थिएटर अडीच हजारांचं होतं. खाली बसलेल्याला कळतही नाही की वर रिकाम्या खुर्च्या आहेत.

नाट्यगृह चालवणाऱ्यालाच याची किंमत कळेल. आमच्याकडे ६०० खुर्च्या. व्यावसायिक नाटकाला भरतात, अजूनही. पण गावातल्या पोरांनी बसवलेलं नाटक असलं की नव्वद माणसं येतात आणि नव्वद ठिकाणी बसतात. कितीही सांगा, पुढे कोणी येत नाही. बाविशीतला मुलगा मनापासून वाक्य टाकतो आणि ते मागच्या रिकाम्या फळ्यांवर आपटून परत येतं. विंगेत उभं राहून मी ते ऐकलं आहे. त्या मुलाला वाटतं, आपल्यातच काही कमी आहे.

आता भाड्याचं.

बेत फसला. एकदम नाही, हळूहळू, जसा फसतो तसा. हॉटेल चालायला लागून चार वर्षं होतात न होतात, तोच १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या गर्दीसाठी रस्त्यापलीकडे त्याचंच जोड-हॉटेल उभं राहिलं, दोन्हींना जोडणारा भुयारी रस्ताही झाला. नव्या हॉटेलांत खोलीला स्वतःचं न्हाणीघर असायला लागलं. ऑडिटोरियमच्या बहुतेक खोल्यांना ते नव्हतं, पाहुण्याने टॉवेल घेऊन पॅसेजच्या टोकाला जायचं. दगडी भिंतींच्या इमारतीत नंतर नळ घालणं म्हणजे काय प्रकार असतो ते सांगायला नको. पॅटीचं गाणं आणि अध्यक्षांचं भाषण एका बाजूला, आणि न्हाणीघर एका बाजूला. पारडं न्हाणीघराचं जड झालं.

थिएटरची तऱ्हा वेगळी. १८९१ पासून थिओडोर थॉमस यांचा सिंफनी ऑर्केस्ट्रा इथे वाजवत असे. आवाज उत्तम, तरी थॉमस नाखूष. जागा इतक्या, की तिकीट केव्हाही मिळायचं. केव्हाही मिळतं म्हटल्यावर हंगामाची वर्गणी आगाऊ कोण भरणार? १९०४ मध्ये ऑर्केस्ट्रा याच रस्त्यावर, आर्ट इन्स्टिट्यूटसमोरच्या नव्या, लहान सभागृहात गेला. शेअर घेतलेल्यांना म्हणावा तसा परतावा कधी मिळाला नाही.

मनोऱ्याच्या सोळाव्या मजल्यावर अ‍ॅडलर आणि सलिव्हन यांनी स्वतःचं ऑफिस थाटलं होतं. म्हणजे बांधणारेच भाडेकरू. १८९५ मध्ये जोडी फुटली. सलिव्हनची कामं आटत गेली, पिणं वाढलं, आणि १९१८ मध्ये पैशाअभावी त्याला ती जागा सोडावी लागली. सहा वर्षांनी तो एका साध्या हॉटेलच्या खोलीत वारला. अ‍ॅडलर आधीच, १९०० मध्ये गेला होता. त्याच्या कबरीवर ग्रॅनाइटचा एक खांब उभा आहे, तो सेंट्रल म्युझिक हॉलचा. ते त्याने १८७९ मध्ये बांधलेलं सभागृह, त्यातही दुकानं आणि ऑफिसं होतीच. दुकान वाढवायला जागा हवी म्हणून ते पाडलं गेलं, तेही १९०० सालीच. नाट्यगृह गिळणारा गाळा म्हणजे काय, ते या एका खांबाकडे बघून कळतं.

एकदा फसलेला बेत माणसं सोडून देतात असं नाही. परतताना स्टेशनकडे जाताना सुनेने नदीकाठची एक इमारत दाखवली. मधे ४५ मजले आणि दोन बाजूंना हात, हुबेहूब खुर्ची. वीज कंपन्यांचे सम्राट सॅम्युअल इन्सल यांनी बांधलेलं सिव्हिक ऑपेरा हाऊस. ऑडिटोरियममधला ऑपेरा १९२९ मध्ये तिथे गेला. खाली थिएटर, वर ऑफिसं, ऑफिसांच्या भाड्यावर ऑपेरा! उद्घाटन झालं ४ नोव्हेंबर १९२९ ला. न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळल्याला आठवडाही झाला नव्हता. तीन वर्षांत ऑपेरा कंपनी बंद पडली, इन्सल यांचं साम्राज्य बुडालं, ते ग्रीसला पळाले, परत आणले गेले, खटल्यातून सुटले आणि १९३८ मध्ये पॅरिसच्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनात मेले. १९२९ च्या त्याच नोव्हेंबरात, इन्सल यांच्या उद्घाटनानंतर चारच दिवसांनी, तिकडे सॅन डिएगो शहरात एक सिनेमा थिएटर उघडलं. पुढे तिथल्या सिंफनीने ते घेतलं आणि १९८० च्या दशकात त्याच्या अंगाखांद्यावर ३४ मजली ऑफिसांचा मनोरा आणि हॉटेल बांधलं गेलं. जुनं थिएटर त्या इमारतीच्या कुशीत तसंच राहिलं. त्याची डागडुजी होऊन २०२४ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. गाणं आणि गाळे यांची गाठ कोणीतरी कुठेतरी मारतच असतं.

ऑपेरा गेल्यावर ऑडिटोरियम ओस पडलं. पाडायचे विचार त्याआधीपासूनच चालू होते. कंत्राटदारांना विचारलं तेव्हा कळलं की ही इमारत पाडायला जो खर्च येईल तो मोकळ्या जमिनीच्या किमतीहून जास्त आहे. तो जड दगड, तो गुंतागुंतीचा तराफा, हॉटेलात थिएटर आणि थिएटरवर हॉटेलचा दिवाणखाना अशी एकमेकांत अडकलेली रचना. एक काढायला गेलं तर सगळंच काढावं लागणार. म्हणजे संचालकांच्या ज्या हट्टाने फरशी तिरकी केली, त्याच दगडाने थिएटर वाचवलं. हे ऐकून मला आमच्या त्या लाकडी पॅनेलिंगवाल्या सभासदाची पहिल्यांदाच थोडी दया आली.

१९४१ मध्ये दिवाळं वाजलं. युद्धकाळात सैनिकांच्या विरंगुळ्यासाठी ती जागा वापरली गेली आणि ज्या रंगमंचावर पॅटी गायली होती तिथे बोलिंगचे पट्टे टाकले. कल्पना करा, त्या कमानींखाली चेंडूंचा गडगडाट कसा घुमला असेल! १९४६ मध्ये इमारत घेतली रूझवेल्ट कॉलेजने. ते आदल्याच वर्षी निघालेलं. विद्यार्थ्यांची वंश-धर्मवार मोजदाद करून द्यायला नकार देणाऱ्या प्राचार्यांनी आणि त्यांच्या बाजूच्या प्राध्यापकांनी जुनी संस्था सोडून ते काढलं होतं. त्यांना वर्गखोल्या हव्या होत्या. हॉटेलच्या खोल्या त्यांना आयत्या मिळाल्या. थिएटर दुरुस्त करायला पैसे कुठले? दारं बंद करून ठेवली. १९५० च्या दशकात दक्षिणेचा रस्ता रुंद केला तेव्हा इमारतीच्या तळमजल्यातूनच फूटपाथ काढला, हॉटेलचा बार त्यात गेला. आजही तिथून जाताना आपण कमानींखालून चालतो आणि पूर्वी ज्या जागी पेले किणकिणत होते तिथे बसची वाट बघणारी माणसं उभी असतात.

बिआट्रिस स्पॅकनर नावाच्या बाईंनी १९६० पासून पैसे गोळा केले. वास्तुकार हॅरी वीझ यांनी दुरुस्ती केली, आणि ३१ ऑक्टोबर १९६७ ला पडदा पुन्हा वर गेला. या बाईंबद्दल मला फार वाचायला मिळालेलं नाही, पण वर्गणीसाठी त्या किती दारांवर गेल्या असतील आणि किती ठिकाणी चहावर बोळवण झाली असेल याचा अंदाज मला आहे.

सुनेच्या ओळखीच्या, तिथे शिकवणाऱ्या एका बाईंनी शेवटी आम्हाला दहाव्या मजल्यावर नेलं. तिथे हॉटेलची जेवणाची खोली होती. आज ती कॉलेजची लायब्ररी आहे. लांबलचक, वर पिंपाच्या आतल्या बाजूसारखं गोल छत, खिडकीतून तळं. एक मुलगी जाडजूड पुस्तकावर गाल टेकून झोपली होती. शेजारी कॉफीचा कप, चार्जरची वायर पायात. हॉटेल गेलं, ऑफिसं गेली, सोळाव्या मजल्यावरचे भाडेकरू गेले. ज्याला पोसायचं म्हणून हे सगळं उभं केलं ते थिएटर खाली पोटात अजून आहे, आणि भाडेकरूंच्या खोल्यांत ही मुलं.

मी खुर्चीवर बसले आणि आमच्या नव्या खजिनदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं. तो तरुण आहे, सीए आहे, माझ्याहून बरा आहे. तिकडे रात्र झाली असणार हे विसरले. लिहिलं: पंधराव्या रांगेपासून मागे छतातून एक रूळ टाकता येईल का बघ. आडवा पडदा, जाड, गडद. पोरांच्या नाटकाला ओढायचा, मोठ्या नाटकाला बाजूला सारायचा. नव्वद माणसं पुढेच बसतील, त्यांना मागे जायला जागाच नाही. आवाजही परत येणार नाही.

लगेच उत्तर आलं. जागाच होता. ‘ताई, कल्पना झकास. पण कापड किती लागेल? आणि कुठल्या खात्यातून?’

मी लिहिलं, ‘पाच नंबरकडे थकबाकी किती झाली?’

बराच वेळ नुसतं ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग आलं: ‘रूळ मजबूत टाकावा लागेल. उद्या सकाळी दुकान उघडलं की टेप घेऊन जातो.’